एक मिनिटाचं काम

"मॅडम, पेन आहे का?"

त्याने एवढंच विचारलं होतं. ऑगस्टमधला मंगळवार, सकाळचे पावणेअकरा. आमच्या रक्तपेढीच्या खिडकीला काच आहे आणि काचेच्या तळाशी अर्धगोल फट. त्या फटीतून बोलायचं तर माणसाला वाकावं लागतं. तो वाकला होता. शर्टाचे खांदे पावसाने भिजलेले, काखेत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल आणि हातात अर्ज, त्यावर नातेवाइकाची सही राहिलेली. माझ्या उजव्या हातात ड्रॉपर होता, समोर स्टँडवर तीन काचेच्या नळ्या. मी ड्रॉपर ठेवला, ॲप्रनच्या खिशातलं पेन काढून फटीतून दिलं, वळले आणि पुन्हा हात कामाला लावला. सगळं मिळून दहा सेकंदं गेली असतील. त्या दहा सेकंदांभोवती मी अजून फिरते आहे.

नमुना प्रसूती विभागातून आला होता. दिवस भरत आलेले, हिमोग्लोबिन सहाच्या आसपास, दोन बॅगा तयार ठेवा म्हणून निरोप. रक्तगट आम्ही दोन्ही बाजूंनी तपासतो. आधी पेशंटच्या तांबड्या पेशी घ्यायच्या आणि त्यांवर निळं अँटी-ए, पिवळं अँटी-बी ही तपासणीची द्रावणं टाकून बघायचं. मग उलट बाजूने यायचं : पेशंटचा प्लाझ्मा, म्हणजे पेशी वगळून उरणारं रक्तातलं पाणी, तीन नळ्यांत दोन-दोन थेंब, आणि त्यात ओळखीच्या पेशी एकेक थेंब. पहिलीत ए, दुसरीत बी, तिसरीत ओ. सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटभर फिरवायचं आणि नळी उजेडासमोर धरून हळूच हलवायची. तळाशी बसलेली लाल टिकली धुरासारखी विरघळत वर आली तर काही नाही, आणि गोळे-गोळे होऊन सुटली तर रिॲक्शन. शिकत असताना पहिल्याच आठवड्यात आमच्या सरांनी एक क्रम मनावर ठसवला होता : आधी प्लाझ्मा, मग पेशी. पेशी लाल असतात, टाकायच्या राहिल्या तर डोळा सांगतो. प्लाझ्मा पाण्यासारखा, तो राहिला तर कुणी सांगत नाही.

पेन देऊन मी परत वळले तेव्हा दोन नळ्यांत प्लाझ्मा गेलेला होता. तिसरीत जायचा होता. माझ्या हाताने मात्र परस्पर ठरवून टाकलं की तिन्ही झाल्या. मी तिन्हींत पेशी टाकल्या, यंत्रात बसवल्या, मिनिट भरलं, बाहेर काढल्या. पहिलीत गोळे. दुसरीत गोळे. तिसरी हलवली तर टिकली अलगद विरघळली, जशी ओ गटाच्या माणसाची विरघळायला हवी तशीच. मी रजिस्टर पुढे ओढलं, लिहायला खिशात हात घातला आणि पेन नव्हतं. ते शोधायला मान वर केली म्हणून तीन नळ्या एका ओळीत दिसल्या. तिसरीतलं पाणी खाली होतं. दोघींत तीन-तीन थेंब आणि हिच्यात एकच. प्लाझ्मा नसलेली नळी. तिच्यात काही घडणं शक्यच नव्हतं, आणि मी 'काही घडलं नाही' असं लिहायला निघाले होते.

पुन्हा केलं. पहिल्यापासून, नव्या नळ्या घेऊन. उत्तर तेच आलं, साधा ओ.

साधा ओ आला म्हणून तर ही गोष्ट जास्त टोचते. काही बिघडलं असतं तर चौकशी झाली असती, रडू आलं असतं, कुणी रागावलं असतं. इथे काहीच झालं नाही. सोबतच्या मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "सापडलं ना? मग झालं तर." पण ती तिसरी नळी कशासाठी असते हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो गट जगाला पहिल्यांदा दाखवून दिला, तो बॉम्बे गट, सरळ बाजूने तपासला तर हुबेहूब ओ दिसतो. अँटी-ए टाका, शांत. अँटी-बी टाका, शांत. उलट्या बाजूच्या पहिल्या दोन नळ्याही ओ सारख्याच बोलतात. वेगळं बोलते ती फक्त तिसरी. अशा माणसाच्या प्लाझ्मात ओ पेशींचेही गोळे होतात, कारण त्याचं शरीर ओ रक्तालासुद्धा परकं मानतं. त्याला फक्त त्याच्यासारख्याचंच रक्त चालतं, आणि तसं माणूस आपल्याकडे दहा हजारांत एखादं. एकोणीस वर्षांच्या नोकरीत मला असे दोन नमुने भेटले. बाकी हजारो वेळा तिसरी नळी गप्पच राहिली. गप्प राहणाऱ्या गोष्टीकडे रोज त्याच सावधपणाने बघायचं, हेच आमच्या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे. पुढे क्रॉसमॅचची, म्हणजे बॅगेतलं रक्त पेशंटच्या रक्ताशी जुळतं का बघण्याची चाळण असतेच, तिथे चूक अडकली असती हे खरं. पण ती क्रॉसमॅच करणारे हातही माझेच, सकाळही तीच आणि खिडकीही तीच.

दुसऱ्या दिवशी मी एका कागदावर रेघा मारायला घेतल्या. दहा ते एक या वेळात हातातलं काम सोडायला लागलं की एक रेघ. इंटरकॉम वाजला, रेघ. वॉर्डबॉय बॅग न्यायला आला आणि सोबत आइसबॉक्स आणायचा विसरला, रेघ. शिबिरात रक्तदान केलेल्या एका मुलाला प्रमाणपत्रावरचं नाव बदलून हवं होतं, रेघ. माझा मोबाइल थरथरला. 'तातडीने बी निगेटिव्ह हवंय' असा निरोप, तोच जो गेली कित्येक वर्षं तारखेशिवाय या गटातून त्या गटात फिरतो आहे आणि ज्यातला पेशंट केव्हाच घरी गेला असेल. रेघ. ओळखीच्या एक बाई नुसतं "कशी आहेस" म्हणायला डोकावल्या. त्यांचीही रेघ मारताना मला वाईट वाटलं. एक वाजेपर्यंत कागदाची एक बाजू भरली होती. त्यातल्या जवळजवळ प्रत्येक माणसाने मला एकच वाक्य ऐकवलं होतं, "एक मिनिटाचं काम आहे हो मॅडम." आणि ते खोटं बोलत नव्हते. प्रत्येकाचं काम खरोखरच एका मिनिटाचं होतं.

मिनिट ते घेऊन जातात, त्याचं काही नाही. पण मी जिथे होते तिथे परत यायला मला जे लागतं, ते त्या मिनिटात मोजलेलं नसतं. लहानपणी आजोळी खळ्यावर धान्य मोजायला येणाऱ्या आजोबांची आठवण त्या दिवशी आली. मापाला सुरुवात करताना ते 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. आणि दुसरं माप भरेपर्यंत 'लाभ, लाभ, लाभ' असं म्हणतच राहत. मग दोन, दोन, दोन. हाताने ज्वारी ओढायची, मापाच्या कडेवरून पंजा फिरवायचा, पोत्यात ओतायचं आणि तोंडाने तो आकडा सोडायचा नाही. आम्ही मुलं मुद्दाम मध्ये काहीतरी विचारायचो. ते मान हलवायचे, हसायचेही, पण ओठांवरचा आकडा हलायचा नाही. तेव्हा मला ते गाणं वाटायचं. आता कळतं की ती राखण होती. मापाचं भान सुटलं असतं तर कुणाच्या तरी घरात पायलीभर धान्य कमी गेलं असतं, आणि ते घर त्या खळ्यावर हजर नव्हतं.

पण आकडा तोंडात धरून हसायला जमणारी माणसं थोडी. माझ्या बाबांना ते जमायचं नाही. ते हात वर करायचे.

बाबा स्टेशनमास्तर होते. एकेरी मार्गावरचं लहानसं स्टेशन, मागे क्वार्टर, क्वार्टरच्या दारात पेरू. त्यांच्या टेबलाशेजारी लाल रंगाचं, माणसाच्या छातीइतकं उंच टोकन यंत्र होतं. त्यातून एक लोखंडी गोळा बाहेर पडायचा. दोन स्टेशनांच्या मधल्या रुळावर एका वेळी एकच गाडी असावी म्हणून एका वेळी एकच गोळा सुटायचा. तो चामड्याच्या पिशवीत घालून, पिशवी मोठ्या कडीला अडकवून ड्रायव्हरच्या हाती जायची, आणि तो हाती असल्याशिवाय ड्रायव्हरने पुढे जायचं नाही. यंत्रावरची घंटी पलीकडच्या स्टेशनातून वाजायची. दोन ठोके म्हणजे लाइन क्लिअर आहे का. तीन म्हणजे गाडी सेक्शनात शिरली. चार म्हणजे बाहेर पडली. सहा ठोके पडले तर धोका. मी ते कधी ऐकले नाहीत, पण रात्री झोपेत मोजायचे. फोनवर बोलताना निरोप पक्का करायला दोन अंकी प्रायव्हेट नंबर द्यायचा-घ्यायचा आणि वापरलेला नंबर लगेच कागदावर कापायचा. हे सगळं चालू असताना कुणीही खोलीत आलं की बाबा न बघता डावा हात वर करायचे. पंजा उघडा, बोटं जुळलेली. आई असो, गावचा पाटील असो, तिकिटाला आलेली म्हातारी असो. हात खाली येईपर्यंत सगळे उभे.

चौथीच्या स्कॉलरशिपचा निकाल लागला त्या दिवशी मी शाळेतून रुळाच्या कडेकडेने पळत आले होते. पायात खडी बोचत होती, रिबीन सुटली होती, जिल्ह्यात नंबर आला होता आणि हे वाक्य तोंडात मावत नव्हतं. मी दारातून "बाबा!" म्हटलं आणि हात वर झाला. त्यांनी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. तीन ठोके पडले. पॉइंट्समन कडी घेऊन बाहेर गेला. मी भिंतीला टेकून उभी राहिले. भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक, टेबलावरच्या शाईचा आणि रॉकेलचा वास, बाहेर हळूहळू थरथरायला लागलेली फरशी. गाडी न थांबता गेली, खिडकीच्या काचा वाजल्या, पिशवीची अदलाबदल झाली, बाबा प्लॅटफॉर्मवरून हिरवं निशाण गुंडाळत आत आले, यंत्राशी उभे राहिले, घंटी दिली, वहीत लिहिलं. मग हात पुसले आणि म्हणाले, "हं, गेली गाडी. बोल आता."

तोवर माझ्या तोंडातलं वाक्य विझलं होतं. "पास झाले," एवढंच मी म्हणाले.

त्यांना ते कळलं असावं. त्यांनी मला टेबलावर बसवलं, सगळं पहिल्यापासून सांग म्हणाले, कोणत्या बाईंनी सांगितलं, मुली काय म्हणाल्या, वाटेत कोण भेटलं. मी सांगितलंही. पण भिंतीला टेकून उभं राहिलेल्या त्या पंधरा-वीस मिनिटांचा सल कितीतरी वर्षं माझ्यात राहिला. गाडीतली माणसं त्यांना माझ्यापेक्षा जवळची आहेत, असं मला वाटायचं. ज्यांची तोंडंही त्यांनी पाहिलेली नाहीत, जी खिडकीत डबा उघडून बसली आहेत, झोपली आहेत, अशी माणसं.

मध्यंतरी एका प्रशिक्षणात विमानाची गोष्ट ऐकली. ११ सप्टेंबर १९७४ ला अमेरिकेत शार्लटच्या विमानतळावर उतरताना एक विमान दाट धुक्यात धावपट्टीच्या अलीकडेच आदळलं. कॉकपिटमधलं बोलणं नंतर ऐकलं तेव्हा कळलं की उतरण्याच्या त्या शेवटच्या मिनिटांत वैमानिक राजकारणाच्या आणि जुन्या मोटारींच्या गप्पा मारत होते. १९८१ मध्ये तिथे नियमच झाला : दहा हजार फुटांच्या खाली कामाखेरीज एक शब्द बोलायचा नाही. प्रशिक्षण देणाऱ्या बाईंनी तो नियम फळ्यावर लिहिला आणि माझ्या डोळ्यांपुढे तो उघडा पंजा आला. बाबांना कुणी दहा हजार फूट सांगितले नव्हते. त्यांनी आपली उंची आपणच ठरवली होती, दोन ठोक्यांपासून चार ठोक्यांपर्यंत.

मग मीही माझे ठोके ठरवले. प्लाझ्माचा पहिला थेंब पडल्यापासून रजिस्टरमध्ये सही होईपर्यंत. या मधल्या वेळात काचेला आतून लाल पुठ्ठा लावते, 'तपासणी चालू आहे, कृपया थांबा'. मोबाइल शेजारच्या खोलीत, पर्समध्ये. साठ्याची चौकशी करणाऱ्या दवाखान्यांना सांगून ठेवलं की अकरा आणि चार वाजता मीच फोन करीन. खिडकीबाहेर सुतळीने दोन पेनं बांधली आणि भरलेल्या अर्जाचा नमुना चिकटवला. नळीत थेंब टाकताना तोंडाने म्हणते, ऐकू येईल असं : "ए ला प्लाझ्मा, बी ला प्लाझ्मा, ओ ला प्लाझ्मा." नवी मुलगी पहिल्या दिवशी दचकून बघत होती, आता तीही म्हणते. आणि यातलं काहीही मध्येच तुटलं, तर कुठवर आलो होतो हे आठवायचा प्रयत्न करायचा नाही. नळ्या टाकून द्यायच्या, पुन्हा पहिल्यापासून. आठवणीवर विसंबायचं नाही, कारण त्या मंगळवारी माझ्या आठवणीने मला अगदी खात्रीने सांगितलं होतं की तिन्ही झाल्या.

याचा त्रास होतो. तो कुणाला होतो हेही मला रोज काचेतून दिसतं. रक्तपेढीच्या खिडकीशी मजेत आलेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. कुणाच्या आईला टेबलावर घेतलंय, कुणाच्या मुलाचे प्लेटलेट घसरताहेत आणि डॉक्टरांनी 'पळत जा' सांगितलंय. असं माणूस धापा टाकत येतं आणि समोर लाल पुठ्ठा. मागच्या महिन्यात एक बाई हातातली चिठ्ठी काचेला चिकटवून उभी होती, मला वाचता यावी म्हणून. मी वाचली नाही. वाचली असती तर पुन्हा तेच झालं असतं. चार मिनिटांनी पुठ्ठा काढला तेव्हा तिने काही म्हटलं नाही, फक्त चिठ्ठी सरळ करून पुढे केली, आणि तिच्या बोटांचे ओले ठसे काचेवर राहिले. "आतमध्ये बसून माणुसकी विसरल्यात," असं एकजण मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला होता. मी त्याला काय सांगणार होते? की आत्ता माझ्या हातात जी नळी आहे ती तुझ्यासारख्याच कुणाची तरी आहे आणि ते माणूस इथे वाकून बोलायलाही येऊ शकत नाही? ते खरं आहे, पण त्याच्या चार मिनिटांपुढे ते बोलवत नाही.

काही आवाजांना तर पुठ्ठा लागूच होत नाही. लेबर रूमचा लाल फोन वाजला की कुणीतरी तो पहिल्या घंटीला उचलायचाच. बाळंतपणात रक्त जायला लागलं की मिनिटांवर आयुष्य असतं. तेव्हा क्रॉसमॅचची वाट न बघता ओ निगेटिव्ह बॅग द्यावी लागते. म्हणून दिवसा आम्ही ठरवून घेतलंय, एकीच्या हातात नळ्या तर दुसरीच्या कानात फोन. रात्रपाळीला मात्र एकटीच असते. दोन वाजता क्रॉसमॅच चालू असताना तो फोन वाजतो आणि मी नळ्या सोडून धावते. परत येऊन त्या नळ्या टाकून देते आणि नव्या काढते. ज्या पेशंटचं काम पहिल्यापासून सुरू झालं, त्याचा नातेवाईक बाहेर बाकावर बसलेला असतो. त्याला उशीर झालेला असतो. या हिशोबात सगळ्यांना पुरेल एवढी माणसं आमच्याकडे नाहीत, आणि ते पुठ्ठ्याने भरून निघणारं नाही.

ते पेन मला त्या मंगळवारी संध्याकाळी परत मिळालं. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेलं होतं, टोपण नीट लावून. तो माणूस कधी येऊन गेला मला कळलं नाही. त्याच्या पेशंटला प्लेटलेट मिळाले होते, मी रजिस्टर उलटं चाळून पाहिलं. त्याने बहुधा मला हाक मारली नसावी. माझ्या पाठमोऱ्या अंगावरून त्याला काहीतरी समजलं असेल, किंवा घाई असेल.

बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. ऐकायला कमी येतं, फोनवर मोठ्याने बोलावं लागतं. त्यांना मी तिसऱ्या नळीचं सगळं सांगितलं होतं; मध्ये एकदाही न बोलता त्यांनी ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "मग रजिस्टरात खाडाखोड नाही ना केलीस?" नाही म्हटल्यावर बरं म्हणाले. दुपारी जेवण झालं की ते मला फोन करतात. तो पर्समध्ये वाजतो, शेजारच्या खोलीत, आणि बंद होतो. ते पुन्हा करत नाहीत. साडेचारला सही करून, हात धुऊन, पुठ्ठा काढून मी उलट फोन लावते. पलीकडून आधी त्यांचा श्वास ऐकू येतो, मग खुर्ची सरकल्याचा आवाज.

"गेली का गाडी?" ते विचारतात.

"गेली, बाबा. बोला तुम्ही."